वखारीच्या माळ्यावरचे इवलेसे जग

हॅम्बर्ग शहरात एल्ब नदीच्या काठाने धावणारी नागरी रेल्वे बाउमवाल नावाच्या उन्नत स्थानकावर थांबते. तेथे उतरून पूल ओलांडला की लाल विटांच्या उंच इमारतींची लांबच लांब रांग समोर येते. दोन रांगांच्या मधून कालवा जातो. भरतीच्या वेळी त्याचे पाणी भिंतींना लागते, ओहोटीत तळाचा चिखल उघडा पडतो. प्रत्येक इमारतीच्या माथ्यावर छपराच्या टोकाशी कप्पी बसवलेली असून तिच्या बरोबर खाली, प्रत्येक मजल्यावर, माल आत घेण्यासाठी दरवाजे आहेत. खाली नावेत उभ्या असलेल्या माणसाने पोते दोराला अडकवावे आणि वरच्या माणसाने ते ओढून माळ्यावर घ्यावे, एवढ्या एका व्यवहारासाठी ही सारी वास्तुरचना झाली. या वसाहतीला जर्मन भाषेत श्पाइखरश्टाट म्हणतात. त्याचा अर्थ वखारींचे शहर.

जैन वाचकांना हॅम्बर्गचे नाव अगदीच परके वाटू नये. आगम ग्रंथांचे थोर अभ्यासक वाल्टर शुब्रिंग हे १९२० पासून तीस वर्षे याच शहरातील विद्यापीठात प्राध्यापक होते आणि जैन सिद्धान्तावरील त्यांचा प्रसिद्ध जर्मन ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. मात्र व्यापारी घराण्यातील माणसाची पावले या शहरात विद्यापीठाच्या आधी वखारींकडेच वळतील.

या वखारी १८८३ पासून बांधल्या जाऊ लागल्या. हॅम्बर्ग हे स्वतंत्र बाण्याचे व्यापारी नगर. ते जर्मन साम्राज्याच्या जकातसंघात सामील होणार हे ठरल्यावर व्यापाऱ्यांनी एक सवलत मागून घेतली: बंदराचा एक भाग जकातमुक्त राहावा, म्हणजे परदेशी माल तेथे जकात न भरता साठवता येईल, निवडता येईल, पुन्हा परदेशी पाठवता येईल. त्यासाठी येथील दाट वस्ती उठवण्यात आली. सुमारे २० हजार माणसांची घरे गेली. १८८८ मध्ये सम्राटाच्या हस्ते पहिल्या भागाचे उद्घाटन झाले आणि कॉफी, चहा, कोको, तंबाखू, मसाले, गालिचे यांनी माळे भरू लागले. हा माल सांभाळणाऱ्यांच्या पेढ्या व्यापाऱ्यांपासून वेगळ्या होत्या. चार-दोन भागीदार मिळून त्या चालवीत, पेढीला एकाचे नाव देत आणि पुढे 'आणि सहकारी' अशा अर्थाचा शब्द जोडीत. माल दुसऱ्याचा, चावी यांच्याकडे. वजन, नमुना, प्रत, ओलावा, सारे पाहण्याचे काम यांचे. मशीद बंदर किंवा पुण्याची भवानी पेठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना अशा पेढीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पतीवाचून तेथे एक पोतेही कोणी ठेवीत नसे.

दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ अर्धी वसाहत उद्ध्वस्त झाली आणि नंतर पुन्हा उभी राहिली. तिला खरा धक्का बसला तो लोखंडी कंटेनरचा. माल जहाजातून थेट बंद पेटीत उतरू लागला, तेव्हा कालवा, नाव, कप्पी आणि माळा यांची साखळीच निरुपयोगी झाली. माळे रिकामे पडू लागले. अशाच एका वखारीत, केअरवीडर नावाच्या रस्त्यावर, आज जगातील सर्वांत मोठी प्रतिकृती रेल्वे चालते. केअरवीडर या शब्दाचा अर्थ 'परत ये'. संस्थेचे नाव मिनिआटुर वुंडरलांट, म्हणजे इवल्या आश्चर्यांचा देश. वरच्या मजल्यांवर रेल्वे आणि आसपासच्या इमारतींत अजूनही कुठे गालिचे, कुठे मसाल्यांचे छोटे संग्रहालय, असा हा शेजार आहे.

ती कशी निर्माण झाली, ही हकिकत भावाभावांनी मिळून व्यापार करणाऱ्या घरांत ऐकण्याजोगी आहे. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे १९६७ मध्ये जन्मलेले जुळे भाऊ. तरुणपणी त्यांनी हॅम्बर्गमध्ये नृत्यशाळा चालवली. रात्रीच्या गर्दीचा, गोंगाटाचा तो धंदा. सन २००० च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे गेले असता एका दुकानात त्यांना खेळण्यातली रेल्वे दिसली आणि लहानपण आठवले. त्याच दिवशी त्यांनी भावाला दूरध्वनी करून सांगितले की आपण जगातील सर्वांत मोठी प्रतिकृती रेल्वे उभारायची. गेरिट यांना हे प्रथम वेडेपण वाटले. ते स्वभावाने यंत्र आणि हिशेब यांत रमणारे. पण त्यांनी नकार देण्यापूर्वी आकडेमोड केली, आणि आकडेमोड करता करता त्यांचा होकार झाला. एका भावाला स्वप्न पडावे आणि दुसऱ्याने ते वहीत मांडून पाहावे, अशी कामाची वाटणी ज्या घरात आपोआप होते त्या घराचे भाग्य थोर.

धंद्याच्या दृष्टीने त्यांनी केलेली एक गोष्ट विशेष शहाणपणाची होती. त्यांनी लोकांपुढे हॅम्बर्गमधील प्रेक्षणीय स्थळांची यादी ठेवली, तीत काही खरी व काही काल्पनिक नावे घातली आणि कोणते स्थळ पाहावेसे वाटते असे विचारले. पुरुषांनी रेल्वेच्या या काल्पनिक प्रदर्शनाला तिसरा क्रमांक दिला. स्त्रियांनी तिला शेवटचा क्रमांक दिला. रेल्वेचा छांदिष्ट एकटा आला तर घर चालणार नाही, कुटुंब आले पाहिजे, हे त्यातून उघड झाले. म्हणूनच येथे इंजिनांइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष डोंगर, घरे, शेते, बाजार आणि माणसे यांच्याकडे दिले गेले. हॅम्बर्गच्या बचत बँकेने २० लाख मार्कांचे कर्ज दिले. वखारीचा माळा तारण ठेवता येत नव्हता, तो भाड्याचा होता, आणि ज्या मालावर कर्ज द्यायचे तो प्लास्टरचा डोंगर अजून उभाही नव्हता. श्टेफान हेर्ट्स हे तिसरे भागीदार झाले. डिसेंबर २००० मध्ये काम सुरू झाले आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी मध्य जर्मनी, ऑस्ट्रिया आणि क्नुफिंगेन नावाचे एक कल्पित गाव, असे तीन भाग लोकांसाठी खुले झाले.

जिन्याने वर गेल्यावर पहिला अनुभव येतो तो प्रमाणाच्या बदलाचा. येथे सर्व काही १:८७ या मापाने केलेले आहे. पूर्ण वाढ झालेला माणूस सुमारे २ सेंटिमीटर, रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर, आणि खरा एक किलोमीटर म्हणजे येथील साडेअकरा मीटर. रुळांची एकूण लांबी १५ किलोमीटरांहून अधिक आहे. तिला ८७ ने गुणले तर उत्तर १३०० किलोमीटरांच्या पुढे जाते, म्हणजे जवळपास मुंबई ते दिल्लीचा लोहमार्ग वखारीच्या माळ्यावर अंथरलेला आहे. त्यावर हजाराहून अधिक गाड्या आहेत. सर्वांत लांब गाडी १४ मीटरांची.

डोंगर मात्र या मापात बसत नाहीत. आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखर ४४७८ मीटर उंच आहे. ते १:८७ ने केले तर ५१ मीटरांचे होईल, आणि वखार तेवढी उंच नाही. २००७ मध्ये स्वित्झर्लंडचा भाग झाला तेव्हा कारागिरांनी मधली तक्तपोशी फोडून सुमारे ६ मीटरांचे शिखर दोन मजल्यांमधून वर नेले. माप मोडले, पण डोळ्याला पटले. कोणते माप कडकपणे पाळायचे आणि कोणते डोळ्यासाठी सैल सोडायचे, हा विवेक सृष्टी घडवणाऱ्या कारागिराच्या अंगी असावा लागतो. रुळांचे माप अर्ध्या मिलिमीटरनेही चुकले तर गाडी घसरते. डोंगराचे माप आठपटींनी चुकले तरी कोणी तक्रार करीत नाही.

ही सृष्टी घडवण्याची रीत ठरलेली आहे. प्रथम लाकडाचा सांगाडा उभा राहतो. त्यावर गाडी जिथून जाणार त्या वाटा प्लायवूडच्या पट्ट्यांनी आखल्या जातात आणि रूळ बसतात. मग कित्येक दिवस उघड्या सांगाड्यावर गाड्या धावत राहतात, कारण चूक सापडायची तर ती याच वेळी सापडायला हवी. डोंगर उभा राहिल्यावर त्याच्या पोटातील रूळ सरळ करणे म्हणजे भिंत फोडून नळ दुरुस्त करण्यासारखे. चाचणी झाल्यावर सांगाड्यावर तारेची जाळी ताणून तिच्यावर प्लास्टर चढवले जाते. ते ओले असताना आणि अर्धवट सुकल्यावर सुरी, छिन्नी, कुंचला यांनी कोरून खडकाचे थर काढतात. ग्रॅनाइटच्या भेगा वेगळ्या, चुनखडीचे थर वेगळे, आणि पाहणाऱ्याला भूगोल माहीत नसला तरी खोटा खडक त्याला खोटा वाटतोच. रंग एका हाताने कधी पुरा होत नाही. आधी गडद पातळ रंग भेगांत सोडायचा, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग कडांवर फिरवायचा. गवत तर नवलच आहे. बारीक तंतूंना विद्युतभार देऊन ते गोंद लावलेल्या जमिनीवर शिंपडतात, आणि प्रत्येक तंतू आपसूक उभा राहून चिकटतो. त्यामुळे कुरण सपाट हिरवे न दिसता खरेच वाऱ्यावर डोलेल असे दिसते.

मग माणसे. त्यांची संख्या अडीच लाखांच्या वर गेली आहे आणि प्रत्येक माणूस चिमट्याने उचलून, पायाला गोंदाचा थेंब लावून जागेवर ठेवलेला आहे. हॅम्बर्गच्या भागातील फुटबॉलच्या मैदानातच सुमारे १२ हजार प्रेक्षक बसले आहेत. पण कारागिरांचा खरा जीव गर्दीत दिसत नाही, तो कोपऱ्यात दिसतो: छपरावर कौले बदलणारा गडी, गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई, लग्नाच्या वऱ्हाडात मागे रेंगाळलेले मूल. पाहणारा पुढे सरकतो आणि अशी कित्येक माणसे त्याच्या नजरेस पडतच नाहीत. ती तरीही तेथे ठेवलेली आहेत.

हे पाहताना अजमेरच्या सोनीजींच्या नसियांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सेठ मूलचंद सोनी यांच्या त्या मंदिरातील सुवर्णनगरी १८९५ मध्ये पूर्ण झाली. भगवान ऋषभदेवांच्या पंचकल्याणकांचे प्रसंग, अयोध्या नगरी, मेरू पर्वत, मिरवणुकीतील हत्ती-घोडे आणि वरून अधांतरी येणारी देवविमाने, सारे सोन्याचा मुलामा दिलेल्या लहान आकृतींतून एका दालनात उभे केलेले आहे. चातुर्मासात मंडपात समवसरणाची रचना करणाऱ्या किंवा नंदीश्वर द्वीप मांडणाऱ्या कुटुंबांना तर हे काम हाताने ठाऊक आहे. हेतू अर्थातच निराळा. तेथे आराधना आहे, येथे रंजन आहे, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. पण एका दालनात सारे विश्व मावेल असे करण्याची ओढ, त्यासाठी लागणारा खर्च, आणि खर्चापेक्षाही मोठा धीर, हे दोन्हीकडे सारखेच.

फरक एक मोठा आहे. अजमेरची नगरी स्थिर आहे. हॅम्बर्गची चालते, आणि चालते म्हणूनच दर क्षणी बिघडू शकते.

हजार गाड्या एकाच वेळी हातात धरता येत नाहीत. म्हणून रुळांतून दोन गोष्टी वाहतात: वीज आणि निरोप. प्रत्येक इंजिनात एक छोटा विद्युतपट्ट असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. रुळांतून सर्व निरोप सर्वांना ऐकू येतात, पण इंजिन आपल्या क्रमांकाचा निरोप तेवढा घेते. वेग वाढव, दिवा लाव, थांब. हे झाले गाडीला सांगणे. गाडी कुठे आहे हे कळणे त्याहून अवघड. त्यासाठी सारा मार्ग लहान लहान खंडांत तोडलेला असतो आणि खंडांच्या सांध्यावर रुळांत बारीक फट ठेवून वीज वेगळी केलेली असते. खंडात गाडी शिरली की ती किंचित प्रवाह ओढते, आणि तेवढ्यावरून संगणकाला समजते की हा खंड व्यापलेला आहे. मोठ्या मांडणीत डब्यांच्या आसांनाही थोडा प्रवाह ओढण्याची सोय करतात. कारण इंजिन पुढे गेले आणि शेवटचा डबा सुटून मागे राहिला, तर खंड मोकळा झाला असा खोटा निरोप जाऊ नये.

नियम एकच आहे: व्यापलेल्या खंडात दुसरी गाडी सोडायची नाही. पुढचा खंड मोकळा असेल, सांधा योग्य बाजूला वळलेला असेल आणि तो तसा वळल्याची खात्री झाली असेल, तरच सिग्नल हिरवा होतो. खऱ्या रेल्वेचाही हाच नियम. सह्याद्रीतील बोरघाटात उतरणारी गाडी याच तत्त्वाच्या भरवशावर उतरते आणि डब्यात झोपलेल्या प्रवाशाला त्याचा पत्ता नसतो.

पाहणाऱ्याला दिसतात त्यापेक्षा कितीतरी अधिक गाड्या दिसत नाहीत. त्या डोंगराच्या पोटात, मांडणीच्या खाली, समांतर रुळांवर रांगेने उभ्या असतात. या लपलेल्या स्थानकाला छांदिष्ट मंडळी छायास्थानक म्हणतात. मालगाडी बोगद्यात शिरते आणि मिनिटभराने दुसऱ्या तोंडातून प्रवासी गाडी बाहेर येते. तीच गाडी गोल फिरून आली नाही, म्हणून मुलाला वाटते की हा देश खरेच मोठा आहे. अर्थात, आत कुठे गाडी घसरलीच तर माणसाला तेथे पोहोचता आले पाहिजे. म्हणून डोंगर पोकळ ठेवतात. आत दिवा, फळी आणि सरपटत जाण्याइतकी वाट असते. बाहेरून बर्फाचे शिखर आणि आतून वायरींच्या जुड्या, लाकडाचे टेकू आणि पोटावर सरपटत जाणारा तंत्रज्ञ. मांडणीची ही मागची बाजू पाहण्याची सोयही आहे. पुढच्या बाजूइतकीच ती पाहण्यासारखी आहे, आणि ज्यांना कारखान्याच्या मागच्या दाराने आत शिरण्याची सवय आहे त्यांना कदाचित अधिकच आवडेल.

रुळांवरची गाडी निदान रूळ सोडून जात नाही. रस्त्यावरच्या मोटारींचे काय करायचे? येथे ट्रक, बस, मोटारी खरोखर रस्त्यावर धावतात, सिग्नलला थांबतात, वळताना दिवा दाखवतात. युक्ती अशी की रस्त्याच्या पृष्ठभागाखाली लोखंडाची बारीक तार पुरलेली आहे आणि मोटारीच्या पुढच्या चाकांना जोडलेले चुंबक त्या तारेचा माग धरते. ही कल्पना एका जर्मन खेळणी-कंपनीने आधीच बाजारात आणली होती. ब्राउन बंधूंच्या माणसांनी तिला बुद्धी दिली. प्रत्येक वाहनाला आपला क्रमांक मिळाला, संगणक त्याला अवरक्त किरणांनी निरोप देऊ लागला, आणि बॅटरी उतरत आली की वाहन स्वतःच वाट बदलून आडबाजूच्या जागी जाऊन वीज भरून घेऊ लागले. क्नुफिंगेन गावात अधूनमधून आग लागते. धूर निघतो, अग्निशमन केंद्राचे दार उघडते, एकामागून एक लाल बंब निळे दिवे फिरवीत बाहेर पडतात आणि वाटेतील वाहने थांबून त्यांना जागा देतात. जो समुदाय तोपर्यंत विखुरलेला असतो तो त्या क्षणी एका कठड्याशी गोळा होतो. मोठी माणसे मुलांपेक्षा पुढे घुसतात, असे दृश्य तेथे नेहमीचे आहे.

पाण्याने मात्र संगणकाला बराच काळ दाद दिली नाही. २००५ मध्ये उघडलेल्या स्कँडिनेव्हियाच्या भागात ३० हजार लिटर खरे पाणी आहे आणि त्याला भरती-ओहोटीही येते. जहाजाला ना रूळ, ना तार. ते तरंगत भलतीकडे जाते. वर्षानुवर्षे ही जहाजे माणसांनीच दूरनियंत्रकाने चालवली.

दर १५ मिनिटांनी येथे दिवस मावळतो. छताचे दिवे आधी तांबूस, मग निळे होतात, आणि लाखो इवले दिवे लागू लागतात. ते एकदम लागत नाहीत, हे महत्त्वाचे. आधी एक खिडकी, मग रस्त्याचे दिवे, मग गल्लीतील चार घरे. कोणते घर केव्हा उजळायचे आणि केव्हा निजायचे हे कोणीतरी बसून ठरवलेले आहे. चार तास थांबणाऱ्या कुटुंबाला १६ सूर्यास्त पाहायला मिळतात. पहिल्या दोन सूर्यास्तांना माणसे गाड्या पाहत असतात. पुढे पुढे ती खिडक्या पाहू लागतात.

या सर्वांची कसोटी लागली ती विमानतळावर. क्नुफिंगेनला विमानतळ हवा, असे ठरले तेव्हा त्याला किती वर्षे लागतील याची कल्पना नव्हती. तो सहा वर्षांनी, ४ मे २०११ रोजी उघडला. खर्च ३५ लाख युरो, श्रमाचे तास सुमारे दीड लाख. टर्मिनलची इमारत बांधणे हा त्यातला सोपा भाग. विमान जमिनीवर स्वतःहून चालले पाहिजे, फाटकावर लागले पाहिजे, धावपट्टीवर वेग घेऊन नाक वर करून उडाले पाहिजे. धावपट्टीच्या खाचेतून वर येणाऱ्या बारीक दांड्यांवर विमान उचलले जाते आणि ते भिंतीतील पडद्याआड नाहीसे होते. पडद्यामागे त्याला उतरवून घेऊन पुन्हा रांगेत लावण्याची सोय आहे. गेरिट यांनी या कामात स्वतःला गाडून घेतले होते. सहा वर्षे भांडवल अडकलेले आणि दाखवायला एकही उड्डाण नाही, अशा वेळी भागीदारीत काय होते हे व्यापारी घरांना माहीत असते. पहिली कुजबुज दुकानात होत नाही, घरात होते. येथे दुसऱ्या भावाने काम थांबवले नाही. आज तेथे दिवसभर विमाने उडतात-उतरतात, आणि काही मिनिटे उशीर झाला तर फलकावर तशी सूचनाही झळकते.

मांडणीच्या कडेलाच नियंत्रण-कक्ष आहे. पडद्यांच्या रांगा, त्यावर रेषांनी काढलेले मार्ग, कॅमेऱ्यांची चित्रे आणि समोर बसलेली थोडी माणसे. ती मुद्दाम लोकांना दिसतील अशी बसवलेली आहेत. गाडी घसरते, सांधा अडकतो, मोटार उलटते, आणि मग कोणीतरी उठून जाते. त्यांचा सर्वांत मोठा वैरी मात्र कोणत्याच पडद्यावर दिसत नाही. तो म्हणजे धूळ. रुळांवर धूळ आणि काजळी बसली की चाकाला वीज मिळत नाही. इतक्या माणसांच्या कपड्यांतून, श्वासांतून ती रोज येते. रूळ पुसणारे डबे गाड्यांना जोडलेले असतात, पण घरांची छपरे, झाडांचे शेंडे आणि माणसांचे खांदे हातानेच झाडावे लागतात. दारे उघडण्यापूर्वी माणसे मऊ कुंचला आणि बारीक नळीचे यंत्र घेऊन गावागावांतून फिरतात. झाडताना कोणी चिरडू नये, कोणी उपटले जाऊ नये, म्हणून हात इतका हलका ठेवतात की पाहणाऱ्या जैन गृहिणीला घरच्या पुंजणीची आठवण यावी.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे दारे बंद झाली. दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे ज्या जिन्याने वर जात तो ओस पडला. तिकीट हेच येथील उत्पन्न. पण त्याच काळात एक विक्रम झाला: पाण्याने वेगवेगळ्या पातळ्यांना भरलेले काचेचे पेले रुळांच्या कडेने मांडून, त्यांना स्पर्श करीत जाणाऱ्या गाडीकडून २८०० हून अधिक स्वरांची धून वाजवून घेण्यात आली. आणि त्याच काळात कालव्यापलीकडच्या वखारीत नवे दालन सज्ज झाले. दोन वखारींना जोडणारा काचेचा पूल पाण्यावरून गेला. त्या दालनातील दक्षिण अमेरिकेचे काम अर्जेंटिनातील एका कुटुंबाच्या कार्यशाळेत चालले होते. प्रवास बंद असल्याने दोन खंडांतील कारागीर पडद्यावर एकमेकांशी बोलत कामे जुळवीत राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये रिओ शहर लोकांना पाहायला मिळाले. २०२४ मध्ये मोनॅको आले.

या संस्थेची एक प्रथा तिच्या इंजिनांपेक्षा अधिक चर्चिली जावी अशी आहे. जानेवारी महिन्यात ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांना विनामूल्य प्रवेश मिळतो. खिडकीवर एवढेच सांगायचे की मला परवडत नाही. दाखला नाही, पगारपत्रक नाही, प्रश्न नाही. कोणी खोटे सांगून आत जाईल, ही शंका व्यापाऱ्याच्या मनात आधी येते, आणि ती ब्राउन बंधूंच्याही मनात आली असेलच. प्रथा चालू आहे. गुप्तदानात देणाऱ्याचे नाव झाकलेले असते. येथे घेणाऱ्याची अडचण झाकली जाते.

ज्या कुटुंबांना युरोपच्या प्रवासात हॅम्बर्ग घेणे शक्य आहे त्यांनी वेळेचे तिकीट आधी काढून ठेवावे. दालन वर्षाचे सर्व दिवस उघडे असते, पण शाळांच्या सुट्ट्यांत आणि शनिवार-रविवारी गर्दी फार होते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा गेलेले बरे, आणि चार तासांहून कमी वेळ हाताशी ठेवू नये. कठड्यांवर सुमारे दोनशे बटणे बसवलेली आहेत. ती मुलांना दाबू द्यावीत, मोठ्यांनीही दाबावीत. स्वित्झर्लंडच्या भागातील चॉकलेट कारखान्याचे बटण दाबले तर खरेच चॉकलेट बाहेर येते. त्यातील घटक विचारून घेण्याचे भान आईबाप ठेवतीलच. खाण्याच्या बाबतीत खाखरा-शेव सोबत असलेली बरी.

आणि हॅम्बर्गपर्यंत जायचेच असे नाही. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी जन्मभराच्या छंदातून उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. माप तेच, १:८७. सिग्नल आहेत, उड्डाणपूल आहेत, दिव्यांचे खांब आहेत आणि एका बाजूला नियंत्रण-फलक आहे. दालन लहान असल्याने तेथे एक सोय अशी की फलकावरील हात आणि रुळांवरील गाडी एकाच नजरेत दिसतात.